कुंकू लागलेल्या नोटा

आक्का गेल्याचं मला हौसाबाईनं सांगितलं. ती कसबा बावड्याहून आमच्या मंगळवार पेठेत दूध घालायला येते. त्या सकाळी तिनं किटली उंबऱ्यावर टेकवली आणि म्हणाली, "पोरी, आक्का गेल्या की गं पहाटं." मग पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आन् आमची नोट? ती कुठं हाय आता?" शेजारच्या काकूंना हे फार लागलं. माणूस अजून घरातून हललं नाही आणि हिला नोटेची पडली! मला मात्र त्या दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या गोड शब्दांपेक्षा हा प्रश्न खरा वाटला. आक्कांनाही तो आवडला असता.

लीलाक्का मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, मलाही त्यांनीच शिकवली. लग्न केलं नाही आणि त्याचं कारणही कुणाला दिलं नाही. भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत त्या राहत आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या नोटा गोळा करत. इंग्रजांच्या राजाचं तोंड जाऊन तिथं सिंहांचा स्तंभ आला, त्या पहिल्यावहिल्या एक रुपयाच्या नोटा. हा छंद असणाऱ्यांना नोट कशी कोरी, करकरीत लागते. आक्कांकडं कोरी नोट एकही नव्हती. प्रत्येक नोटेवर हळदकुंकू होतं, तेही एका वर्षाचं नव्हे, थरांवर थर. कारण या नोटा देवघरांतून आलेल्या. हौसाबाईच्या सासूनं ती पहिली नोट खर्चच केली नव्हती. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची आणि पुन्हा देवांमागं ठेवून द्यायची. आक्कांनी ती पाहिली आणि मागितली. म्हातारी म्हणाली, "न्या की. पर दिवाळीला पूजंला आणून द्यायची. नोट घरची हाय."

दुसरं कुणी असतं तर हो म्हणून विसरलं असतं. आक्कांनी तो करार आयुष्यभर पाळला. बावड्यात अशी घरं वाढत गेली, शिरोळकडंही पाचसहा झाली. दर दिवाळीला आक्का कापडी पिशवी घेऊन एस.टी.नं निघत, घरोघरी नोट पोचवत, पाडव्यानंतर पुन्हा गोळा करत. नोटेवर नव्या कुंकवाचं बोट उमटलेलं असे. कृष्णेचं पाणी शिरोळच्या घरांत शिरलं त्या पावसाळ्यात त्या बायकांचं सगळं भिजलं, आक्कांकडं ठेवलेली नोट तेवढी कोरडी राहिली. तेव्हापासून तिकडं आक्कांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

मी पत्रकं वाचून वाढले. वडिलांच्या छापखान्यात संपाची, मोर्च्याची, सभेची पत्रकं निघत, त्यांवरच मी अक्षरं गिरवली. तेव्हा आक्कांशी माझं भांडण होणारच होतं. मी म्हणाले, "आक्का, पैशाची पूजा करणाऱ्या देशात क्रांती कशी व्हायची?"

"तू क्रांती कर," त्या म्हणाल्या, "मग मी बायकांना कुंकू पुसायला सांगते. तोवर चहा घे, गार होतोय."

मी हटले नाही. तेव्हा त्यांनी हौसाबाईच्या सासूचं बोलणं सांगितलं. म्हातारीनं राजाच्या तोंडाची नोट कधीच पाटावर ठेवली नव्हती, चांदीचा रुपयासुद्धा उलटा ठेवायची. का, तर "इंग्रजाच्या थोबाडाला कोण कुंकू लावंल?" आपल्या संस्थानच्या महाराजांवर इथल्या लोकांचा जीव होता, पण नोटेवरचा राजा कुणाचाच नव्हता. "बावड्याच्या त्या घरात स्वातंत्र्य असं आलं," आक्का म्हणाल्या. "तुझ्या कुठल्या पत्रकात आहे हे?" नव्हतं. तरी मी पूजेच्या विरुद्धच राहिले आणि आजही आहे. आक्कांना गप्प बसणाऱ्या माणसापेक्षा भांडणारं माणूस चालायचं.

एकदा मुंबईचा एक व्यापारी आला. भिंग, चिमटा, पांढरे हातमोजे. मी तिथंच होते. नोटा बघून तो हळहळला. "बाई, हे डाग औषधानं निघतील. पण दरवर्षीचं कुंकू बंद करा. दर दिवाळीला किंमत उतरतेय."

"उतरू दे की," आक्का म्हणाल्या.

"अहो, पण संग्रह म्हणून..."

"पावणं, तुमच्याकडच्या नोटा कपाटात राहिल्या. माझ्या अजून घरी जातात. चहा झाला असेल तर जिना जपून उतरा, तिसरी पायरी हलते."

आक्कांचं तेरावं झालं आणि त्यांच्या पुतण्यानं, विलासनं, त्याच व्यापाऱ्याला नोटा विकण्याबद्दल पत्र टाकलं. मला कळलं तशी मी माडीवर गेले. म्हणाले, या नोटा आक्कांच्या नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "मग कुणाच्या? पावती दाखवा." पावती कुठून असणार! आक्कांनी कधी दिली नाही, बायकांनी कधी मागितली नाही. विलास वाईट माणूस नाही. पण कागदाशिवाय माणसाचा हक्क असतो हे ज्यांना पटतच नाही, त्या शहाण्यांतला तो एक. दुसऱ्या दिवशी मी बावड्याला गेले, शिरोळला निरोप धाडला आणि रविवारी बायका आल्या. जिना भरला. विलासनं नोटा सतरंजीवर मांडल्या आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

हौसाबाई वाकली, एक नोट उचलली. "ही."

"कशावरून?"

"सासूचं बोट हाय हे. अंगठ्यावानी जाड हुतं तिचं. आन् वरचं बारीक माझं."

मग एकच गलका. कुणी आईचं बोट ओळखलं, कुणी जावेचं. दोघी एकाच नोटेवरून भांडल्या. "तुझ्या आत्तीचं बोट वाकडं हुतं, ह्ये सरळ हाय बघ!" त्यावर वाकड्या बोटाची नोट सापडली आणि दोघी हसत सुटल्या. सतरंजी रिकामी झाली. विलासनं ती गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "न्या. मी कळवतो त्यांना."

खाली उतरल्यावर मला वाटलं, संपलं... नोटा घरी निघाल्या. पण हौसाबाईनं तिची नोट माझ्या हातात कोंबली. "आमच्यात उंदरं लई. तू ठेव. दिवाळीला आण."

"हौसाबाई, मी देव मानत नाही."

"तुला कोण म्हनतंय मान? आणून द्यायचं काम तुझं, कुंकू आमी लावतो."

मागोमाग बाकीच्यांनीही नोटा दिल्या. आता त्या आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या कपाटात, एका रिकाम्या खणात आहेत. आक्कांची कापडी पिशवीही मी मागून आणली. धुतली नाही. आत जुन्या कुंकवाची लाली आहे आणि एस.टी.चं चुरगळलेलं तिकीट. दिवाळी तोंडावर आली आहे. मी निघणार आहे... आधी बावडा, मग शिरोळ. हात जोडणार नाही, पण नोट पोचवीन. आणि मुंबईच्या त्या व्यापाऱ्यापर्यंत माझा हा लेख छापणारी वर्तमानपत्राची पुरवणी पोचत असेल तर त्यांना जाहीर सांगते: यंदाच्या लक्ष्मीपूजनाला या नोटांची किंमत आणखी उतरणार आहे.