राजवाड्याची म्हणे लंबी रोटी

सोमवारी सकाळी मावशीचा फोन आला. "एक बाई येऊन राहिली मह्या घरी. कार्यक्रमाची हाय म्हणते. तू ये वं, शिकलेलं माणूस जवळ असलेलं बरं."

माझी ही मावशी सत्तरीची. जरीपटक्याच्या पलीकडच्या वस्तीत दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली मातीची चूल. चुलीवर उपडी घातलेली घागर. या घागरीवर ती आणि माझी आई आयुष्यभर लंबी रोटी करत आल्या. गव्हाचं पातळ, चिवट पीठ परातीत आपटून आपटून मळायचं, मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायचं आणि चादर टाकावी तसं गरम घागरीवर टाकायचं. आई गेली. मावशी अजून करते. मी त्याच रोट्यांवर शिकले, खापरखेड्याच्या वीज केंद्रात कारकून झाले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन शहरात राहायला आले.

मी पोचले तेव्हा ती बाई आली होती. तिशीतली, सुती साडी, वागायला नम्र. चपला बाहेर काढून आत आली, मावशीनं दिलेलं पाणी घटाघटा प्यायली. मला ती आवडली, हे आधीच सांगून टाकते. शनिवार-रविवारी शहरातल्या एका मैदानावर खाद्यमहोत्सव होता आणि तिथं मावशीनं रोटी करून दाखवावी, असं तिचं म्हणणं.

"मावशी, ही कला तुमच्याकडे कुठून आली?" तिनं मोबाईल पुढे धरून विचारलं.

मावशी खुलली. अर्धा तास बोलली. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी ती आईच्या कडेवर होती. मैदानावरून घरी आल्यावर सणाचं म्हणून आजीनं हीच रोटी केली आणि गुळासोबत वस्तीत वाटली, हे तिनं आजीकडून ऐकलेलं. पुढे लग्नांची कामं आली, धाब्यांची आली. "आता सगळे बोलावते," मावशी म्हणाली, "पण चूल मांडवाच्या मागंच लावते. धूर होते म्हणते. धूर तं होतेच ना वं, पण रोटी समोर वाढते, बाई मागं राह्यते."

बाईनं मान हलवली, "किती सुंदर" म्हणाली आणि सगळं रेकॉर्ड करून नेलं.

मंगळवारी आम्ही घागर आणायला कुंभाराकडे गेलो. कार्यक्रमाला नवी घागर हवी, असा मावशीचा हट्ट. मी आजवर समजत होते की घागर म्हणजे घागर. मावशीनं एकेक उचलून बोटाच्या पेरानं वाजवली, कानाशी धरली, पोटावरून तळवा फिरवला. सात-आठ नाकारल्या. कुंभार तिच्याच वयाचा, तोही निवांत. "ही घे ना माय, ही चांगली हाय." मावशी म्हणाली, "पोट एकसारखं नाई. रोटी एकीकडं जळन, एकीकडं कच्ची राहीन." शेवटी मागच्या ओळीतली एक निघाली. आईला हे सगळं येत असणार आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं. परतीच्या ऑटोत मावशी घागर मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग. आईच्या हातांवरही तसेच होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या आयांचे हात असेच असतात.

बुधवारपासून माझं डोकं तापायला लागलं.

बाईचा फोन आला. मावशीनं नऊवारी नेसायची, नथ घालायची, कपाळावर चंद्रकोर लावायची. कपडे त्यांच्याकडचे. "लूक हवा ना," ती म्हणाली. शिवाय महोत्सव शाकाहारी, त्यामुळे रोटीसोबत रबडी ठेवणार. लंबी रोटीसोबत रबडी! मटणाच्या झणझणीत रश्श्यात बुडवायला जन्मलेली रोटी ती. आंब्याच्या दिवसांत रसासोबत खातात, तेही समजू शकते. पण रबडी?

मी मावशीला सांगितलं. ती आधी हसली. "मले काहून नवरी बनवून राहिले वं या वयात?" मग म्हणाली, "मह्या आईनं नथ घातली नाई, मी घातली नाई. रोटी कराले नाक लागत नाई म्हणा त्याइले."

गुरुवारी मोबाईलवर महोत्सवाचं पत्रक आलं. वर मावशीच्या अंगणातली घागर, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील विस्मृत लंबी रोटी, प्रथमच पुन्हा आपल्या भेटीला.'

मी ते तीनदा वाचलं. प्रथमच पुन्हा म्हणजे काय, हे सोडून देऊ. पण विस्मृत? कोण विसरलं? आदल्याच रविवारी मावशी एका बारशाला शंभर रोट्या करून आली होती. या शहरात दर आठवड्याला कुठं ना कुठं मांडवामागं ही चूल पेटलेली असते. आणि राजवाडा कुठून आला? मावशीनं अर्धा तास सांगितलं त्यात राजवाडा नव्हता.

माझा नवरा म्हणाला, "असेलही काही संदर्भ. आधी खात्री कर, मग भांड." तो कायम असंच बोलतो आणि त्याचं बरोबर असतं म्हणून जास्त राग येतो. मी एका जुन्या वाचनालयात गेले. पाककृतींची जुनी पुस्तकं काढायला लावली आणि दुपारभर बसून चाळली. पुरणपोळीचे सहा प्रकार होते. सांबारवडी होती, पाटोडी होती, आजारी माणसासाठी पेज होती. लंबी रोटी कुठंच नव्हती. राजवाड्याचं तर सोडाच, आमच्या नावानंही नव्हती. ग्रंथपाल चांगला माणूस होता. तो म्हणाला, "पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जे होतं तेच पुस्तकात आलं, ताई." तो सहज बोलला. मी मात्र पुस्तकं मिटली आणि बाहेर आले. पुस्तकात आम्ही नव्हतो, आणि आता यायचं तर दुसऱ्याच्या नावानं.

शुक्रवारी मी त्या बाईच्या कार्यालयात जाऊन धडकले.

"हा राजवाडा कुणी सांगितला?"

"तसं थेट कुणी नाही, मॅडम. पण इतकी नाजूक कला म्हणजे राजाश्रय असणारच ना?"

"का असणार? नाजूक काम आमच्या हाताला येत नाही का?"

ती ओशाळली. "तसं नाही हो. लोकांना एक गोष्ट लागते."

"गोष्ट तुमच्या मोबाईलमध्ये आहे. अर्ध्या तासाची. ती लावा."

तिनं टेबलावरचे कागद सारखे केले. मग हळूच म्हणाली, "ती जरा जड होते. लोक कुटुंबासोबत येतात, आनंदासाठी."

जड होते! सत्तर वर्षांची बाई दहा-दहा किलो पीठ हातांवर झुलवते, ते जड नाही. तिचं बोलणं जड. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. फलक छापून झालेत, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी नऊवारीचा हट्ट तिनं सोडला. फलक मात्र राहिला.

शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. मावशी तिच्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या साडीत. चूल या वेळी समोर होती, हे मान्य करायला हवं. पण तिच्या डोक्यावर तो फलक, कडेला राजवाड्याच्या कमानीचा पुठ्ठा. ते बघून मी मावशीचा हात धरला. "चल घरी. नाही करायचं आपल्याला."

"पीठ भिजवलं हाय."

"भिजू दे! मावशी, तुझ्या नावाचा इथं पत्ता नाही. तुझ्या आईची रोटी राजाच्या नावावर लावली यांनी आणि तू करून देणार?"

मावशीनं परात जवळ ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू एवढी तापून राहिली. तू सांगतलं का वं कधी कोणाले?"

"काय?"

"खापरखेड्याले. तुह्या क्वार्टरात. पोराच्या वाढदिवसाले मी रोटी केली होती. तुह्या हापिसातल्या बायांनी विचारलं, कुठची हाय. तू म्हणलं, हाटेलातून बोलावली. मी सैपाकघरात होती. आयकू आलं मले."

मला ते आठवत होतं. पंचवीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा नुकती बढती मिळालेली, कॉलनीत सगळ्यांशी शुद्ध बोलणारी, 'मले-तुले' दाराबाहेर ठेवून जाणारी. मावशी त्या दिवशी जेवण झाल्यावर मागच्या दारानं बसस्टॉपवर गेली होती. मला वाटलं होतं, तिला घाई असेल.

"मावशी…" मी म्हणाले. डोळे पुसले.

"रडू नको आता. लाकडं आत सार."

मी लाकडं सारली. राग गेला नव्हता, उलट वाढला होता. फक्त आता तो एका बाजूला जात नव्हता. त्या बाईचा राग येत होता आणि माझाही येत होता, आणि मला असं का वागावं लागलं, या विचारानं अख्ख्या कॉलनीचा येत होता.

गर्दी झाली. मावशीनं पहिली रोटी हातांवर घेतली तेव्हा गलका थांबला. पीठ एवढं ताणलं की त्यातून तिचा चेहरा दिसत होता. ध्वनिक्षेपकावर बाई राजवाड्याबद्दल सांगू लागली, आणि मी रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. "ही माझी मावशी. ही रोटी आमच्या घरची. माझी आजी करायची, आई करायची. राजवाडा खोटा आहे." दिवसभर तेच. काहींनी ऐकलं, काहींनी मोबाईल काढले, एका गृहस्थांनी विचारलं, "ताई, रबडी कुठं मिळते?" दुसऱ्या दिवशी मी जाड पुठ्ठ्यावर लिहूनच नेलं आणि चुलीच्या पायाशी टेकवलं. एका स्वयंसेवकानं तो उचलून नेला. मी दुसरा लिहिला. तोही गेला. तिसऱ्या वेळी ती बाई स्वतः आली, पुठ्ठा हातात घेऊन वाचला आणि होता तिथं ठेवून गेली. तिनं फलक काढला नाही. पण त्यानंतर ध्वनिक्षेपकावर राजवाडा ऐकू आला नाही.

रविवारी दुपारी ऊन उतरताना रांग विरळ झाली होती. रेशमी साडीतल्या एक बाई मघाशी घरच्या लोकांसोबत रोटी खाऊन गेल्या होत्या, त्या एकट्याच परत आल्या. माझा पुठ्ठा त्यांनी वाचला. मग मावशीजवळ वाकून अगदी हळू म्हणाल्या, "माही माय बी करे. तिच्या हातावर अशेच डाग होते."

मावशी थांबली. "हाय का माय?"

"नाही. गेली." त्यांनी मागे वळून बघितलं. "आमच्या घरी कोणाला माहीत नाही. मी सांगितलंच नाही कधी."

मावशीनं घागरीवरची रोटी काढली, घडी घातली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "गरम हाय, हळू." त्या तिथंच उभ्या राहून नुसती कोरडी रोटी खात राहिल्या. मग लांबून कुणीतरी हाक मारली आणि त्या पदरानं तोंड पुसून गेल्या. त्यांना काही बोलावं असं मला फार वाटलं. पण बोलण्याचा अधिकार माझा नव्हता.

सोमवारी एका वर्तमानपत्रात फोटो आला. मावशीचे दोन हात आणि त्यांवर झुलणारं पीठ. चेहरा नाही. खाली ओळ: 'राजवाड्यातील विस्मृत पाककलेचे प्रात्यक्षिक.' मी तो घेऊन तणतणत मावशीकडे गेले आणि ओळ वाचून दाखवली.

तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला. "पाह्य, आरपार दिसून राहिलं. असं पीठ तुह्या मायले जमे, मले आता कुठं जमलं."

"मावशी, खाली काय लिहिलंय ते बघ ना!"

"तू वाचून दाखवलं ना."

मी कात्री घेतली आणि फोटो कापायला लागले. खालची ओळ वगळून. मावशीनं माझा हात धरला.

"ते काहून कापून राहिली?"

"खोटं आहे म्हणून."

"खोटं हाय म्हणूनच राहू दे. उद्या नातीनं विचारलं, आजी तू एवढी चिडली काहून होती, तं काय दाखवू तिले?"

म्हणजे चिडली होती. आठवडाभरात तिनं हे पहिल्यांदा कबूल केलं. मी ओळीसकट फोटो कापला आणि चुलीच्या समोर, धूर लागणार नाही अशा जागी, भिंतीला चिकटवून दिला. तिला तो जरा तिरपा वाटला, म्हणून काढून पुन्हा लावला.