बापाची सुटी आणि सव्वा महिना

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी नीलेश माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हिंगण्याच्या ज्या कारखान्यात मी एचआर बघते, तिथे तो पॅकिंगची मशीन चालवतो. म्हणाला, "मॅडम, माहा तो सुटीचा अर्ज वापस द्या."

अर्ज समोरच होता. पाच दिवसांची पितृत्व रजा... कारखान्यात सगळे तिला 'बापाची सुटी' म्हणतात. बायकांच्या रजेला कायदा आहे, हिला मात्र फक्त कंपनीची मर्जी.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ही रजा बाळ झाल्यापासून पंधरा दिवसांत घ्यायची असा आमचा नियम, आणि त्याची मुलगी महिन्याची होऊन गेलेली. अर्ज नामंजूर करायचाच होता, फक्त तोंडावर सांगायचं जिवावर आलं होतं.

तरी विचारलं, का परत घेतोस?

"यादी बनून राहिली म्हणतेत ना... अशात कोण सुटी मांगते?"

यादीचं खरं होतं. दोन मशिनी बंद होणार होत्या आणि सात माणसं कमी करायची होती. शेवटी लागलेला आधी जाणार, हे ठरलेलं... पण नीलेश आणि पंकज एकाच दिवशी लागलेले आणि दोघांपैकी एकच राहणार होता. तिथे वर्षभराची हजेरी बघणार होते.

मी अर्ज त्याच्याकडे सरकवला. आणि सहज, अगदी सहज म्हटलं, "बाळ झालं तेव्हाच का नाही घेतलीस?"

"तवा काय करू जाऊन? बायको उमरेडले, माहेरी. सासू होती, सासूची बहीण होती... मले तं पोरगी हातातबी देत नव्हते. म्हणे, पाडसान." तो हसला. मग म्हणाला, "आता सोमवारी आणतो घरी. पण घरी कोण हाये? माय गेली माही. सिझरचे टाके हायेत तिले, वाकता येत नाही. बोरकरभाऊ म्हणतेत, काहून गा, बाळंतीण तू हायेस का..."

बोरकरभाऊ म्हणजे त्यांच्या शिफ्टचे सुपरवायझर.

मी अर्ज पुन्हा माझ्याकडे ओढला.

माझं पहिलं बाळंतपण अकोल्याला, माझ्या माहेरी झालं. हे शनिवारी यायचे, खुर्चीत बसून चहा प्यायचे, रविवारी परत. खरी तारांबळ उडाली ती सव्वा महिन्यानंतर, आमच्या मनीषनगरच्या घरी आल्यावर... तेव्हा यांना एक दिवसही सुटी नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी हेड ऑफिसकडून आलेला पंधरा दिवसांचा नियम मी माझ्या हाताने टाइप केला, नोटीस बोर्डावर लावला. तीन वर्षांत एकानेही रजा घेतली नाही, तर अहवालात लिहून मोकळी झाले... 'मागणी नाही'.

दुपारी साहेबांकडे गेले. पंधरा दिवसांऐवजी तीन महिने करा म्हटलं, आणि ही रजा हजेरीत धरा.

"कपात चालू असताना तुम्ही सुट्या वाटता?"

"साहेब, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हेड ऑफिसच्या लोकांना तेवढं सांगा."

"त्यांच्याकडे काय ऑफिसात होतं का?" साहेब म्हणाले. मग म्हणाले, "लिहून आणा. पण खाली सही तुमची. कोणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

सही करण्याआधी मी दोघांची हजेरी उघडून बघितली नाही. मुद्दाम. बघितली असती तर तो नियम राहिला नसता, नीलेशची बाजू घेणं झालं असतं. एवढं तरी मी नीट केलं असं वाटतं... पण खात्री नाही.

महिन्याच्या शेवटी यादी लागली. दोघांच्या हजेरीत फक्त तीन दिवसांचा फरक निघाला, नीलेशचे जास्त. नीलेशचे ते पाच दिवस गैरहजेरी धरले असते, तर पंकज राहिला असता. पत्र मीच दिलं त्याच्या हातात आणि हेही सांगितलं, कारण लपवणं मला जमलं नसतं.

तो पत्राची घडी घालत म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. मी एकटा आहो, कुठंबी लागीन." गेल्या आठवड्यात कळलं, कोराडीला एका ठेकेदाराकडे लागला. मला बरं वाटलं, पण माझ्या सहीचा हिशोब त्याने मिटत नाही, हेही कळतं.

तरी त्या सगळ्या दिवसांतला एक क्षण मी जपून ठेवलाय. नीलेशच्या रजेचा तिसरा दिवस होता, दुपारचे तीन. त्याचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं नेटवर्क नाही.

"मॅडम, सोमवारी पहिल्या शिफ्टले येऊ का दुसऱ्या, तेवढंच विचाराचं होतं... हळू बोलून राहिलो. घरी आल्यापासून पहिल्यांदा दोघीबी झोपल्या."

"पहिल्या," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "काय झालं हो, तुम्ही का कुजबुजताय?"

मी तशाच आवाजात म्हणाले, "दोघी झोपल्या आहेत."