शिट्टी जिथे नव्हती

ते टॅकल मी बघितलं नव्हतं. हे एवढंसं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते. त्या टॅकलसाठी रेफरी म्हणून मी एका खेळाडूला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढलं होतं, आणि मी ते स्वतः बघितलं आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू आपला पाय घालून काढून घेणं म्हणजे टॅकल. खेळाडूंची ठाम समजूत असते की, चेंडूला आधी पाय लागला की फाऊल नाही. तसं नसतं. चेंडू आधी लागूनही टॅकल घातक असू शकतं. रेफरीने बघायचं ते वेगळंच असतं: खेळाडू किती लांबून आला, एक पाय घातला की दोन्ही, बुटाचा तळवा समोर होता की पाय जमिनीलगत घसरत होता, गुडघा वाकलेला होता की ताठ, आणि आयत्या वेळी त्याला स्वतःला आवरता आलं असतं का. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक. समोरच्याच्या पायाची पर्वाच केली नसेल तर पिवळं कार्ड. वाजवीपेक्षा जास्त बळ लावून त्याला धोक्यात घातलं असेल तर लाल. काय बघायचं नाही, तेही तितकंच पक्कं आहे. कोण किती जोराने ओरडला आणि टॅकल करणाऱ्याची ख्याती काय, हे बघायचं नाही. पायांकडे बघायचं, आणि पाय दिसावेत म्हणून दोघांच्या बाजूला, जरा तिरकं उभं राहायचं. पाठीमागून काही दिसत नाही.

मी पाठीमागे होतो.

छावणीच्या मैदानावरचा अंतिम सामना होता. दुपारी नात्यातल्या एका साखरपुड्याला जाऊन मी पोटभर जेवलो होतो; रेफरीने सामन्याआधी असं जेवू नये, हे मला माहीत होतं. एका टोकाला कॉर्नर झाला, चेंडू लांब मारला गेला आणि एक फॉरवर्ड मोकळ्या मैदानातून सुटला. मी त्याच्या मागे धावलो, पण पाय उचलेनात. आडवा आला तो समोरच्या संघाचा बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, देवगाव रंगारीचा. दर रविवारी एसटीने खेळायला यायचा, इथे कुणाच्या तरी वेल्डिंगच्या दुकानात उतरायचा. उंच, हाडापेराने मजबूत. त्याच्या आडदांड खेळामुळे गॅलरीने त्याला 'कुऱ्हाड' म्हणायला सुरुवात केली होती. त्याने घसरत पाय घातला. माझ्या डोळ्यांसमोर होती ती फक्त फॉरवर्डची पाठ. मग काडकन आवाज आला आणि तो फॉरवर्ड किंचाळला.

मी शिट्टी वाजवली. ती त्या आवाजावर वाजवली, आणि 'कुऱ्हाड' या नावावर वाजवली.

आमच्यात एक रीत आहे. आपल्याला दिसलं नसेल तर कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन असणाऱ्या लाइन्समनकडे जायचं आणि विचारायचं. तो अगदी बाजूला होता, त्याचा झेंडा खाली होता, म्हणजे त्याच्या मते फाऊल नव्हतं. पण त्याच्याकडे चालत जायचं म्हणजे रेफरी मागे पडला, हे भरल्या गॅलरीसमोर कबूल करायचं. मी गेलो नाही. सरळ खिशातून लाल कार्ड काढलं.

तो बॅक माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही.

"सर, बॉलच काढला म्या. नीट बघितलं नाय तुम्ही."

"चेंडू लागला म्हणून फाऊल सुटत नाही," मी म्हणालो. "मी बघितलंय. तू बाहेर हो."

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. त्या खऱ्या वाक्याच्या आड मी दुसरं खोटं वाक्य लपवलं, आणि ते इतक्या सहज जमलं की त्याची आजही भीती वाटते.

सामना संपल्यावर कळलं की मोडलं होतं ते नडगीवरचं प्लास्टिकचं पॅड. पायाला नुसता मुका मार होता. पण तोवर बोलून झालं होतं. एका कारखान्याच्या संघासाठी माणसं बघायला आलेले लोक त्या दिवशी गॅलरीत होते. त्या बॅकचं जवळपास ठरलं होतं, खेळाबरोबर कायमची नोकरीही मिळणार होती. असला धसमुसळा माणूस नको, असं म्हणून ते निघून गेले. हे मला नंतर लाइन्समनने सांगितलं. एवढंच सांगितलं, आणि पुन्हा कधी माझ्या सामन्याला झेंडा घेऊन उभा राहिला नाही.

इथवर जे केलं ते भित्रेपणातून झालं, असं म्हणता येईल. पुढचं मात्र मी थंड डोक्याने केलं. नव्या रेफरींचे वर्ग मी घेऊ लागलो, आणि घातक टॅकल कसं ओळखावं याचं उदाहरण म्हणून नेमकं तेच टॅकल शिकवू लागलो. फरशीवर खडूने मैदान आखायचं, सोड्याच्या बाटल्यांची बुचं म्हणजे खेळाडू, चिंचोका म्हणजे चेंडू, आणि रेफरी म्हणून माझी शिट्टी. ती शिट्टी मी दर वर्गात दोन्ही बुचांच्या बाजूला, तिरकी ठेवत आलो. म्हणजे मी जिथे असायला हवा होतो, तिथे.

यंदा मुकुंदवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वर्ग होता. मागच्या खुर्चीवर एक पिकल्या केसांचा माणूस बसला होता. ओळख करून देताना तो म्हणाला, गावाकडच्या शाळेतल्या पोरींना फुटबॉल शिकवतो, सामन्याला रेफरी मिळत नाही, म्हणून स्वतःच शिकायला आलो. गाव सांगितलं, देवगाव रंगारी. तीच उंची, तेच हाडपेर; तो बॅक हाच. त्याने मला केव्हाच ओळखलं असणार.

त्या दिवशी ते उदाहरण गाळायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण वर्गातल्या एका तरुण क्रीडाशिक्षकाने जुन्या मंडळींकडून त्याबद्दल ऐकलं होतं. "सर, ती कुऱ्हाडीची गोष्ट राहिली की," तो म्हणाला, आणि दोघंचौघं हसले.

मागून शांत आवाज आला. "सांगा सर. मलाबी ऐकायचीय."

मी खाली बसलो. बुचं मांडली, चिंचोका ठेवला. सवयीने शिट्टीही बाजूला, तिरकी ठेवली. मान वर केली तेव्हा तो खुर्चीवरून उठून पुढे आला होता आणि वाकून त्या शिट्टीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपली आठवणच चुकली की काय, असं तपासणाऱ्या माणसासारखा तो बघत होता. ते मला सोसवलं नाही. माझ्या खोट्याने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरही शंका यायला लावली होती.

मी शिट्टी उचलली आणि पार मागे, फॉरवर्डच्या बुचामागे ठेवली.

"सर, तिथून तर पाय दिसणारच नाहीत," तो तरुण शिक्षक म्हणाला.

"नाही दिसले," मी म्हणालो. मग उठून उभा राहिलो, कारण हे बसून बोलण्यासारखं नव्हतं, आणि त्या माणसाकडे वळलो. सामन्याच्या दिवशी मी त्याला 'तू' म्हणालो होतो.

"ही गोष्ट ज्यांची आहे, ते हे. तुमचं टॅकल बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता येत नाही, कारण मी ते बघितलंच नव्हतं. न बघता तुम्हाला बाहेर काढलं. बघितलं असं खोटं बोललो, आणि तेच खोटं वर्षानुवर्षं शिकवत राहिलो. नीट बघितलं नाही, असं तुम्ही मला तेव्हाच म्हणाला होता. तुमचं खरं होतं. मला माफ करा."