मोज्यांचं अंदमान

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त होऊन मुलाकडे दिल्लीला आले तेव्हा ठरवलंच होतं, आता नकाशाचं तोंड पाहायचं नाही. पण जित्याची खोड! आर. के. पुरममधली आमची सरकारी कॉलनी म्हणजे एकेका जिन्यात चार-चार राज्यं, आणि तिथल्या पोरांना आपलं गाव कुठल्या दिशेला हे सांगता येईना. एकाला विचारलं तर म्हणाला, "मेरा गाँव? स्टेशन से लेफ्ट!" माझं डोकंच फिरलं. पुढच्या रविवारी मी लाकडी तुकड्यांचा भारताचा नकाशा आणला आणि पोरांना कॉलनीच्या हिरवळीवर उन्हात गोळा केलं.

ज्याचं जे राज्य, तो तुकडा त्याने हातात घ्यायचा, असा खेळ होता. आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी दुसरीत. तिला मी कौतुकाने महाराष्ट्र दिला. तिने तो निमूट परत ठेवला.

"मला अंदमान हवंय, काकू. बाबा तिथे आहेत ना."

तिच्या बाबांची तिकडे बदली झाली होती आणि शाळेपायी ती आणि तिची आई इथेच राहिल्या होत्या. दिवाळीला ते यायचे होते, पण ऐनवेळी छुट्टी मंजूर झाली नाही. आता कधी येतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि नेमका अंदमानचा तुकडाच नव्हता. ती बेटं चौकटीवर नुसती रंगवलेली होती. तिने नखाने उचकटून पाहिलं.

"ये तो निकलता ही नहीं," जयपूरचा एक पोरगा म्हणाला. "मतलब फॉरेन है."

"फॉरेन नहीं है!" ती किंचाळली. "मेरे पापा वहाँ हैं!" आणि तरातरा जिना चढून घरी गेली.

मला त्या पोराचा राग आला नाही, नकाशा बनवणाऱ्याचा आला. समुद्रापलीकडे आहेत म्हणून काय ती बेटं चौकटीला चिकटवून टाकायची? तो नकाशा मी कपाटावर टाकला तो टाकलाच.

पुढच्या रविवारी सकाळी हिरवळीवर नेहमीसारख्या सगळ्या घरांच्या रजया उन्हं खात पडल्या होत्या. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला होता, बायका मटार सोलत बसल्या होत्या. ते रंगीबेरंगी अंथरूण पाहिलं आणि मला हसूच फुटलं. देश तर समोरच पसरला होता, नुसता जागेवर लावायचा होता!

सूर्य जिकडे ती पूर्व, एवढं पोरांकडून घोकून घेतलं आणि कामाला लागलो. जयपूरवाल्यांची जाडजूड रजई राजस्थान झाली. डबलबेडची गुलाबी रजई उत्तर प्रदेश. माझी सोलापुरी चादर कुठे जाणार हे सांगायला नको. मफलरचं केरळ, हातरुमालाचा गोवा, आणि एका उशीची दिल्ली. देशावर चपला घालून यायचं नाही, हा नियम मी केला आणि तो दरडावून पाळायला लावला. दुपारी ऊन कललं की आया येत आणि आपापली राज्यं घड्या घालून घरी नेत.

त्या पहिल्याच रविवारी वरच्या मजल्यावरची मुलगीही खाली आली. हातात लोकरीच्या मोज्यांचा जोड होता, मोठ्या माणसाचा.

"बाबांचे आहेत. तिकडे थंडीच नसते, म्हणून इथेच ठेवून गेलेत. हे अंदमान." आणि तिने ते मोजे दिल्लीच्या उशीला खेटून ठेवले.

"अगं, तिथे हरियाणा आहे."

"मग चेन्नईजवळ ठेवू?"

"नाही. मध्ये भला मोठा समुद्र आहे." मी मोजे उचलले, हिरवळ ओलांडली, कुंपणाची मेंदी ओलांडली, आणि रस्त्याच्या कडेला, स्कूटर लावतात तिथे नेऊन ठेवले.

"इतकं लांब?"

"इतकंच लांब. नकाशात लाडीगोडी चालत नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू बदलीची ऑर्डर मीच काढली होती. मला वाईट वाटलं. पण बेटं म्हणजे काही घरातल्या खुर्च्या नव्हेत, वाटेल तिथे सरकवायला.

त्यानंतर दर रविवारी आमचं एक मूक भांडण चालायचं. मी पाठ फिरवली की मोजे कुंपणाच्या अलीकडे आलेले असायचे. मी ते परत स्कूटरपाशी नेऊन ठेवायची. थोड्या वेळाने बघावं तर अंदमान ओडिशाच्या किनाऱ्याला लागलेलं! ती भलतीकडेच बघत मटार खात बसलेली असायची. पोरगी हट्टी होती आणि मीही काही कमी नव्हते.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही असेच देश मांडून बसलो होतो. मोजे नुकतेच मी जागेवर नेऊन ठेवले होते. इतक्यात एक टॅक्सी आली आणि बरोबर बंगालच्या उपसागरात थांबली. आतून अंगात पातळ शर्ट आणि पायात सँडल घातलेला एक माणूस उतरला आणि दिल्लीच्या वाऱ्याने जागच्या जागी आखडला.

"बाबा!"

ती उठली ती सरळ धावत सुटली. बूट घालून! उत्तर प्रदेश तुडवला, बिहार तुडवला, बंगालची पार घडी विस्कटली.

"काय गं, तू सांगितलं नाहीस मला इतकी थंडी आहे म्हणून!" ते हसत होते आणि दात वाजत होते. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं, खाली वाकून दोन्ही मोजे उचलले आणि बाबांना हाताला धरून ओढत आणलं, सगळ्या रजयांवरून, थेट दिल्लीच्या उशीवर. तिथे त्यांना बसवून ती स्वतः एकेक मोजा त्यांच्या पायांत चढवू लागली. उन्हात तापलेले होते ते. बाबांनी डोळेच मिटून घेतले.

जयपूरच्या पोराच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं.

"आंटी! अंदमान तो दिल्ली में आ गया!"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आता आंटी उठणार आणि अंदमान जागेवर नेऊन ठेवणार, याची त्यांना खात्री होती. ती मुलगीही थांबली, एक मोजा अर्धा चढवलेला, हात तसाच बाबांच्या टाचेवर घट्ट.

"आने दो," मी म्हटलं. "उसकी छुट्टी मंजूर हुई है."