आबा निघालं का?

पूर ओसरला की आमच्या गावात दोन गोष्टी साचतात. घरात गाळ आणि पारावर किस्से. गाळ आम्ही बायका आठ दिवसांत खराट्यानं बाहेर काढतो. किस्से मात्र वाढतच जातात, आणि प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी पाणी आणखी फूटभर चढतं! मागच्या पुराचं तर इतकं काय काय ऐकलंय की म्हटलं, खरं ते एकदा मीच सांगून टाकते. मी तिथं होते. नुसती होते असं नाही, यादीचं रजिस्टर माझ्या काखेत होतं.

मी गावची पोलीस पाटील. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आमचं गाव. वर धरणातून पाणी सोडलं की कुणी, कधी आणि कुठं हलायचं ते ठरवायचं, माणसं हलवायची आणि नावापुढं टिक करायची, हे माझं काम. सोबतीला तिघं. ग्रामसेवक भाऊसाहेब, पंचायतीचे शिपाई बंडूनाना आणि फौजेतून रिटायर झालेले सुभेदार.

अडचण एकच होती, आणि ती माझ्याच घरात खाटेवर बसून तंबाखू मळत होती. माझे सासरे, आबा!

नदीकडच्या गल्लीत चाळीस घरं. पहिलं घर आमचं. आबा हलले तर गल्ली हलणार, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि आबा म्हशी सोडून हलणार नाहीत, हेही ठाऊक. माणसांची सोय वरच्या गावच्या शाळेत केली होती, पण शाळेत म्हशी कुठं बांधणार? गोठ्यासकट जागा होती ती माझ्या नणंदेकडं, विट्याच्या पुढं माळावर. तिथं पुराचं पाणी जायचं म्हणजे अर्धा जिल्हाच बुडायला हवा. पण बापानं लेकीच्या दारात मुक्काम टाकायचा नाही, ही आबांची जुनी टेक. मालक माझे फौजेत, लांब सीमेवर. म्हणजे आबांना काढायचं तर मीच काढायचं. नाही निघाले तर त्यांच्यामागं चाळीस घरं पाण्यात. मी मनाशी पक्कं केलं होतं, एक माणूस मागं ठेवायचा नाही. मग तो सासरा का असेना!

* * *

पहिल्या दिवशी सकाळी पंचायतीत मीटिंग. भाऊसाहेबांनी पुलावरच्या मोजपट्टीचे आकडे लिहून भिंतीला तक्ता लावला. एवढ्या फुटाला इशारा, एवढ्या फुटाला धोका. लोकांनी तक्ता बघितला आणि माना हलवल्या. आमच्याकडं मान हलवली म्हणजे पटलं असं नसतं.

"पुलाचं पुलाला," म्हातारे तुकाअण्णा म्हणाले. "आमचं माप मारुतीच्या तिसऱ्या पायरीचं."

दुसरा म्हणाला, "आमचं लिंबाच्या बुंध्याचं." तिसऱ्याचं गोठ्याच्या उंबऱ्याचं. जितकी घरं तितकी मापं! शेवटी तुकाअण्णांनी निकाल दिला, "माझ्या चुलीला पाणी लागलं की मी निघणार. त्याच्या आदी न्हाई."

मी म्हटलं, "आवं अण्णा, चूल भिजल्यावर निघताना चहा कशावर करणार?"

"गॅसवर! चूल कोण पेटवतंय आता?"

* * *

भाऊसाहेब माणदेशातले, दहिवडीच्या बाजूचे. जन्म टँकरच्या रांगेत गेलेला. त्या दिवशी नदी बघायला घाटावर आले आणि छत्री मिटून गप उभेच राहिले. पाऊस अंगावर पडतोय, ह्यांना पत्ता नाही. मग त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावून नदी दाखवली. माउली बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाळा, एवढं सगळं तिथंच कशाला ठिवलंय? निम्मं हिकडं लावून दे की!"

त्यांची बायको लेकरं गावाकडं, काळजीत. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही आजच्या गाडीनं जावा. इथलं आम्ही बघतो. तुम्हाला तर पोहायलाही येत नाही."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, उभा जन्म पाण्याची वाट बघितली. आता ते दारात आल्यावर पळून जाऊ व्हय?"

त्या माणसानं पुढचे दोन दिवस पायातला बूट काढला नाही. मला त्यांचं लय कौतुक वाटलं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

* * *

दुपारी रिक्षाला भोंगा बांधून बंडूनाना निघाले. वरून आलेला कागद त्यांनी जसाच्या तसा वाचला. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. शांतता राखावी. प्रशासन सज्ज आहे." अख्खं गाव फिरून आले.

तासाभरानं मी बघते तर काय, खालच्या वस्तीत बायका निवांत शेंगा फोडत बसलेल्या! म्हटलं, "अगं बायांनो, अजून इथंच?"

"नाना सांगून गेल्यात न्हवं, घाबरायचं न्हाई म्हणून. आमी न्हाई घाबरलो."

माझं डोकंच सटकलं. तशीच माघारी गेले, रिक्षात बसले, नानांच्या हातातला माईक घेतला आणि सुरू केलं, "मी पोलीस पाटील बोलतीय! कागदावरचं विसरा! घाबरा! सगळ्यांनी घाबरा! पटापटा घाबरा आणि कपडे, औषधं, कागदपत्रं घेऊन पारावर या! ट्रॅक्टर उभा हाय!"

अर्ध्या तासात खालची वस्ती ट्रॉलीत बसली होती. एक आजी तेवढी काठी टेकत आली आणि मला विचारू लागली, "पाटीलबाई, घाबरून झालं, आता काय करू?"

* * *

शाळेत कोण कुठल्या वर्गात, ह्याचं वाटप सुभेदारांकडं. फौजी शिस्त! आडनावं लावून यादी केली आणि शिट्टी मारून माणसं आत घातली. आडनावांवर गेले आणि तिथंच फसले. तीन वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन सख्ख्या जावा एकाच वर्गात आल्या, चौथी ब!

सुभेदार म्हणाले, "ऑर्डर इज ऑर्डर." थोरल्या जावेनं फळ्यावरचा खडू उचलला आणि वर्गाच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ मारली. हिची पोरं हिकडं, तिची पोरं तिकडं. स्टोव्ह थोरलीकडं, चहा-साखरेचे डबे धाकटीकडं.

संध्याकाळी मी चक्कर टाकली तर दोघी एका पातेल्यातला चहा गाळत होत्या आणि फरशीवर रेघेचा मागमूस नाही. मी विचारलं, "रेघ कुणी पुसली गं?"

दोघी एकदम म्हणाल्या, "पावसानं!"

वर स्लॅब. एक थेंब गळत नव्हता.

* * *

त्याच दिवशी शाळेची चक्कर टाकायच्या आधी मी मळ्यात गेले होते. तिथं अण्णा चौगुल्यांचं बिऱ्हाड. जैन कुटुंब, दिवस मावळला की घरात कुणी अन्नाला शिवत नाही. ट्रॅक्टर दारात पोचला तेव्हा सव्वासहा झाले होते, पाणी फाटकाला लागलेलं, आणि काकू निवांत ताटं घेत होत्या.

मी म्हटलं, "काकू, आधी चला, जेवण तिथं!"

"तिथं पोचेस्तवर सूर्य मावळतोय, बाई. ल्हान लेकरं उपाशी झोपतील."

"आवं, आठ दिवस झाले, सूर्य दिसलाय कुठं?"

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. सूर्यास्ताची वेळ छापलेली होती! आता छापलेल्याशी कोण भांडणार? मीच पदर खोचला. भाताचं पातेलं, आमटीचं डेचकं, ताटं, सगळं उचलून ट्रॉलीत ठेवलं आणि म्हटलं, "बसा पंगतीला! ड्रायव्हर, गाडी हळू चालव!"

अण्णा चौगुल्यांचं घर असं जेवत जेवत गावातून बाहेर पडलं. वाटेत अण्णांनी माझ्याही हातात ताट दिलं. "तुमीबी जेवून घ्या, पाटीलबाई. फुडं कवा मिळंल सांगता येत न्हाई."

खरंच, त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात चहाशिवाय काही गेलं नाही. ती आमटी अजून जिभेवर आहे.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जवळपास रिकामं. राहिली ती आमची गल्ली. ज्या दारात जावं तिथं एकच प्रश्न, "आबा निघालं का?" नाही म्हटलं की दार बंद. एकजण तर तोंडावर म्हणाला, "वैनी, आदी घरचं माणूस हलवा, मग आमच्या दारात या." चूक नव्हतं त्याचं. पण लागलं मला.

मी पंचायतीत गेले, रीतसर नोटीस लिहिली, शिक्का मारला आणि घरी येऊन आबांच्या हातात दिली. सून म्हणून ऐकत नाहीत ना, तर पोलीस पाटील म्हणून ऐका!

आबांनी चष्मा लावला. नोटीस वरून खालपर्यंत वाचली. उलटी करून मागंही बघितली.

"सही तुजीच हाय न्हवं?"

"व्हय."

"अक्षर चांगलं हाय. आता चहा टाक."

चहा टाकला. आणि आबा तो पीत असताना नोटीस त्यांच्याच खाटेच्या वर भिंतीला चिकटवली. म्हटलं, "बारा वाजेपर्यंत रस्ता चालू हाय. त्याच्यानंतर मी चार माणसं आणणार आणि खाटंसकट उचलणार."

"आन की," आबा म्हणाले. "पर म्हशीला लागतील सा माणसं. धा जण आन."

मी मागच्या दारात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू? गोठ्याच्या कडेला पाणी लागलं होतं आणि मला कळत नव्हतं, ह्या माणसाला बाहेर काढायचं कसं.

* * *

अकराच्या सुमाराला दारात पिकअप थांबला आणि माझी नणंद सुमन उतरली. हिचे मालक कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात, हिची सासू आणि ही माळावरच्या घरात. शेजाऱ्याची गाडी घेऊन आली होती. मी म्हटलं, चला, आता दोघी मिळून म्हाताऱ्याला समजावू.

कसलं काय! बाई हातातली बॅग घेऊन सरळ आत गेली आणि आबांच्या खाटेवर मांडी घालून बसली.

"आबा, पंचमीला आले. आठ दिस ऱ्हाणार हाय."

आबा बघतच राहिले. "ही काय म्हायेरला यायची येळ हाय?"

"मग? पंचमी काय पाणी बघून येती व्हय? दर साली बोलावता, ह्या साली न्हाई बोलावलं, म्हणून माजी मीच आले. वैनी, चहा टाक. आन् झोक्याला दोर हाय का गं घरात?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. पाणी गोठ्यात शिरतंय आणि ही झोका बांधायला निघाली! मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप चहा टाकला.

आबा उठले. दाराशी जाऊन पाणी बघून आले. परत आले, लेकीकडं बघितलं. ती बॅगेतनं एकेक साडी काढून खुंटीला अडकवत होती.

"सुमे, ऊठ. सासरला जा."

"न्हाई जात."

"पाणी चढतंय गं!"

"चढू दे. तुमी हाय की हितं."

"तुज्या सासूला काय त्वांड दाखवू मी?"

"ते तुमचं तुमी बघा."

आबांनी खुंटीवरची टोपी घेतली. साड्या स्वतःच्या हातानं परत बॅगेत कोंबल्या, बॅग काखेत मारली आणि म्हणाले, "चल. घालवून येतो तुला."

"मी एकटी न्हाई जायाची."

"एकटी कशाला जाशील? बाप मेलाय व्हय तुजा?"

आणि आबा गोठ्यात गेले. दावी सोडली. शाळेतनं आलेल्या सुभेदारांनी गाडीला चढायला फळ्या लावल्या, दोन्ही म्हशी आणि रेडकू पिकअपमध्ये चढलं, वर कडब्याच्या पेंढ्या, भरड्याचं पोतं. गल्लीतली सगळी दारं उघडली होती. तुकाअण्णांनी विचारलं, "आबा, निघालासा?"

"निघालो कसला! लेकीला घालवून येतो."

तासाभरात चाळीसच्या चाळीस घरं बाहेर. पुराला भिऊन कुणीच निघालं नाही बरं का! कुणी मेव्हण्याला बघायला निघालं, कुणी दाढ दाखवायला. तुकाअण्णांना अचानक वरच्या गावच्या शाळेचं नवं बांधकाम बघायचं होतं. मी एकेका नावापुढं टिक करत गेले. चार वाजता आमच्या खाटेच्या जागी कमरेएवढं पाणी होतं.

पुढचं मला सुमननं फोनवर सांगितलं. पिकअप माळावरच्या घरी पोचला. सुमनची सासू भाकरतुकडा घेऊन दारात आली. तिनं आबांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, मग मागं गाडीकडं बघितलं.

"पावणं, लेकीला घालवायला आलायसा म्हणं?"

"व्हय."

"मग ह्या म्हशी वं?"

आबांनी चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाले, "ईनबाई, लेक कवा मोकळ्या हातानं घालवत्यात व्हय?"