पाण्याखाली जाणार नसाल तर

लिंबागणेशच्या यात्रेत आमच्या नाटक मंडळीचा मुकुट विहिरीत पडला, तेव्हा मी ऐन उमेदीत होतो आणि राजाचं काम करत होतो. मुकुट पुठ्ठ्याचा नव्हता, पितळी पत्र्याचा होता, आणि मंडळीत तो एकच होता. आरसा कुणीतरी पळवलेला, म्हणून मी विहिरीच्या कठड्यावर बसून पाण्यात बघत मिशा चिकटवत होतो. मान जरा जास्त वाकली आणि राज्य बुडालं.

"आश्रुबाला बोलवा," लोक म्हणाले.

आश्रुबा आला. अंगानं काटक, छाती मात्र पखवाजासारखी. त्यानं कंबरेला दोर बांधला. भावकीतला एक चुलतभाऊ हौसेनं पुढं झाला आणि दोराचं दुसरं टोक धरू लागला.

"तू न्हाई बे," आश्रुबा म्हणाला. "गहिनीनाथला येऊ दे."

गहिनीनाथ म्हणजे त्याचा मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ. तो रानातून येईपर्यंत आमची तिसरी घंटा अडून राहिली. तो आला, दोर मनगटाला गुंडाळून उभा राहिला, आणि आश्रुबा पाण्यात नाहीसा झाला. वर आला तो मुकुट स्वतःच्या डोक्यावर घालूनच. कठड्याभोवतीच्या गर्दीनं ज्या शिट्ट्या मारल्या, तशा त्या रात्री माझ्या प्रवेशाला पडल्या नाहीत. हेवा वाटला, पण मनापासून सांगतो, शोभत होता त्याला.

नाटक संपल्यावर मी त्याला विचारलं, चुलतभावाच्या हातात दोर का दिला नाहीस?

"राजं," तो म्हणाला. तेव्हापासून त्यानं मला कायम राजंच म्हटलं. "मी मेलो तर जमीन कुनाकडं सरकंल? भावकीकडं. मग तिच्या हातात दोर कसा द्यावा? मेव्हण्याला काय मिळतं? इधवा भैन सांभाळायला मिळती. त्यो मरूस्तोर दोर सोडत न्हाई."

शेजारी बसलेला गहिनीनाथ चेहरा गंभीर करून म्हणाला, "लई जड हाय आमची भैन. म्हनून घट धरतो."

त्या भागातल्या सगळ्या बुडी मारणाऱ्यांची हीच रीत होती. ज्याला तुमच्या मरणानं फायदा, त्याच्या हातात दोर द्यायचा नाही.

मंडळी मोडली, मी त्याच भागातल्या माझ्या गावी परतलो, आणि आश्रुबाशी दोस्ती जडली. कोरडवाहू जमिनीवर घर चालायचं. पण त्याचं मन विहिरीत असायचं. कधी घागर, कधी पाण्यात पडलेली मोटार, कधी, सांगू नये, पण माणूसही तो वर काढायचा. पाण्याबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज खाली यायचा. "तळाला लई गार असतंय, राजं. कुनाची हाक येत न्हाई. वाटतं, वर कावून यायचं?" अशाच एका खोल बुडीत त्याच्या डाव्या कानात काहीतरी फुटलं. तेव्हापासून तो कान वाहायचा आणि त्याची बायको छबुबाई त्याच्या उजव्या बाजूनंच भांडायची.

मग दुष्काळ आले. एक संपेपर्यंत दुसरा. बोअर खोल गेले, विहिरी आटल्या. सोळा सालच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्या गावच्या मोठ्या विहिरीत पायऱ्यांनी चालत उतरलो. जिथं तो श्वास कोंडून जायचा, तिथं आम्ही चपला घालून उभे होतो. तळ उन्हात पडला होता, भेगाळलेला. आश्रुबा भिरभिर बघत होता. "हितं कपारीचा एक दगड व्हता. त्याच्यावर पाय देऊन मी वर उसळी मारायचो." डोळ्यांना तो सापडेना. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि भिंत चाचपत चालू लागला. दगड लगेच सापडला. त्यावर तळवा ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. वर आल्यावर म्हणाला, "पुन्हा न्हाई यायचं हितं." नाटक उठून गेल्यावर सकाळच्या उजेडात मांडव बघितलेल्या माणसाला का, हे विचारावं लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या साखर कारखान्यानं सभासदांची सहल काढली. ऊस नसल्यानं त्या साली गळीत झालंच नव्हतं आणि पुढं निवडणूक होती. संचालक मोहनरावांनी जाहीर केलं, अभ्यास दौरा, मालवण, मच्छीमारांची सहकारी सोसायटी बघायला. छबुबाई म्हणाली, "प्यायला टँकर येत न्हाई आनि हे मासं धरायला निघाले."

आमच्या गावच्या सोसायटीचा सचिव राधाकिशन विम्याचंही काम बघायचा. चहाच्या हॉटेलात त्यानं सांगितलं की तिकडं पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खाली नेतात, खाली श्वास घेता येतो. आश्रुबाचा कप हातातच राहिला.

"खाली श्वास घेता येतो?"

"पाहिजे तेवढा. फक्त एक हाय, काका. कारखान्यानं सभासदांचा अपघात विमा काढलाय, त्यो बसच्या प्रवासाला चालतो, जेवायला-झोपायला चालतो. पाण्याखाली मेलात तर चालत न्हाई. जादा विमा काढा. हाच तुमचा दोर समजा."

"आनि मी मेलो तर पैसं कुनाला?"

"छबुकाकूंना."

आश्रुबाचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्या मरनानं हिचा फायदा."

गहिनीनाथ शेजारीच होता. तो विचारात पडला आणि म्हणाला, "मग भैनीचा फायदा त्यो माझाबी फायदा. म्हंजे मीबी दोर धरायच्या लायकीचा न्हाई राहिलो."

दोघं मेव्हणे एकमेकांकडं असे बघत राहिले, जणू इतक्या वर्षांत प्रथमच गाठ पडत होती. ही गोष्ट घरी पोचली तेव्हा छबुबाईनं तवा उतरवून ठेवला.

"माझा फायदा? जल्म गेला तुमच्या कानात तेल घालन्यात. फायदा बगायचा आसता तर कवाच दोर कापला आसता!" मग हळू आवाजात, उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "बीडला जाऊ. हापिसात इचारू. खरंच लागत आसंल तर काढू. तुमाला पान्यात जायचंय, मला म्हाईत न्हाई का?"

बीडला आम्ही चौघं गेलो: ती दोघं, राधाकिशन, आणि स्पष्ट बोलायला म्हणून मी. विमा कंपनीच्या कचेरीत एक तरुण बाई होत्या. त्यांनी घाई न करता समजावलं. पट्टीच्या शिक्षकाबरोबर, ठरलेल्या खोलीपर्यंत बुडी मारायची तर जादा विमा घेतलेला बरा. साध्या विम्यात ते बसत नाही. मग विचारलं, "काकांना कानाचा, छातीचा काही त्रास?"

"छे, छे," राधाकिशन म्हणाला. "वाघ हाय आमचा."

आश्रुबानं छबुबाईकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिनं मान वळवली नाही. खरं बोला असं सांगितलं नाही, आणि खोटं बोला असंही नाही.

"डावा कान फुटलाय, बाई," आश्रुबा म्हणाला.

राधाकिशननं कपाळाला हात लावला. बाईंनी आम्हाला आधी डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि सरळ सांगितलं: पडद्याला भोक आहे, खोल पाण्यात जायचं नाही, खाली चक्कर आली तर दिशा कळणार नाही. आम्ही परत कचेरीत आलो. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि चांगल्या मनानं, गिऱ्हाइकाचा खर्च वाचवल्याच्या समाधानानं म्हणाल्या, "मग काळजी नाही, काका. पाण्याखाली जाणार नसाल तर तुम्हाला जादा विम्याची गरजच नाही."

मी आयुष्यभर वाक्यं फेकली. टाळ्यांची फेकली, रडवणारी फेकली. पण इतक्या गोड आवाजात म्हटलेलं इतकं जड वाक्य मी रंगभूमीवर ऐकलं नाही. आश्रुबानं हात जोडले. बसस्टँडवर त्यानं सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही.

तरी तो मालवणला आला. राधाकिशननं रस्ताभर त्याच्या उजव्या कानात मंत्र फुंकला. "विमा गेला खड्ड्यात. तिथं कोन कान तपासतंय, काका? सही करा आनि चला." छबुबाईनं दशम्या बांधून देताना एवढंच म्हटलं होतं, "कान कोरडा ठिवा." समुद्रात जाऊ नका, असं तिनं म्हटलं नव्हतं. ते तिनं त्याच्यावर सोडलं होतं.

होडी किनाऱ्यापासून दूर जाऊन उभी राहिली. आश्रुबा पाण्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. जुन्या नटाला पडद्यामागून पहिल्या सुराचा आवाज आला की होतं, तसं त्याचं झालं होतं. पाणबुड्यांचा शिक्षक जवळ आला. धिप्पाड, दाढीवाला, बोलायला मऊ.

"काका, इथं सही करा. कान वगैरे ठीक आहेत ना?"

आश्रुबानं पेन घेतलं. "तुमी संगं येनार खाली?"

"हो. वर येईपर्यंत तुमचा हात सोडणार नाही."

"लगीन झालंय?"

शिक्षक हसला. "झालंय की. मुलगी आहे एक."

आश्रुबा त्या माणसाच्या हाताकडं बघत राहिला. मोठा, खारानं पांढुरका झालेला हात होता. मग त्यानं पेन परत दिलं. "न्हाई. माझा कान फुटलाय. तुमी ह्यांना न्या."

राधाकिशन चिडला, पण त्याचे पैसे भरलेले होते. तो टाकी लावून शिक्षकाबरोबर पाण्यात गेला. आम्ही दोघं होडीत उरलो. मी म्हटलं, "आश्रुबा, सही केली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"इमा काढला आसता तर छबूचं भागलं आसतं, राजं," तो म्हणाला. "ह्या मानसाचं कोन भागवनार? खाली मला कायतर झालं, तर घरी जाऊन बी ह्यो जल्मभर माझाच हात धरून बसंल. गहिनीनाथला इचारा. एकदा माझा दोर वाईच ढिला पडल्ता, तर मी वर आल्यावरबी त्यो जेवला न्हवता."

राधाकिशन वर आला. तोंडावर काचेच्या चष्म्याचा लाल वळ, आणि बोलणं थांबेना. पिवळे मासे, काळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे.

"तळ कसा हाय?" आश्रुबानं विचारलं.

"वाळू हाय."

"गार हाय का?"

"त्ये न्हाई ध्यानात आलं, काका. मासं बघत व्हतो."

होडीच्या कडेला जाऊन आश्रुबा पोटावर आडवा झाला आणि त्यानं उजवा हात पाण्यात सोडला. सदऱ्याच्या बाहीसकट, खांद्यापर्यंत. डावा कान त्यानं वर, उन्हाकडं ठेवला होता. पाण्यात त्याची बोटं उघडत होती, मिटत होती.

होडीवाल्यानं इंजिनाची दोरी हातात घेतली. "काका, हात आत घ्या. निघायचंय."

"थांबा की वाईच," आश्रुबा म्हणाला.

होडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं दोरी खाली ठेवली आणि आम्ही सगळे थांबलो.