काकूंनी न दाबलेलं बटण

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण पेटी उघडण्याआधी तो तिला कान लावतो. व्हायरसला तो भीत नाही, घरमालकालाही भीत नाही. त्या दुपारी मात्र घाबरला.

समोरच्या इमारतीतल्या काकूंनी काकांचा कॉम्प्युटर आणून ठेवला होता. काकांना जाऊन वर्ष होत आलं. आता त्यातलं सगळं पुसून, डिस्कवरून नवं विंडोज टाकून तो नातीला अभ्यासाला द्यायचा होता.

"मुलानं डिस्क दिलीय, पण हा घेतच नाही," काकू म्हणाल्या. "हट्टी आहे. मालकावर गेलाय."

त्या गेल्यावर डॉक्टरनं डिस्क फडक्यानं पुसली. मशीन आधी डिस्क बघतं की जुनी हार्ड डिस्क, तो क्रम तपासला. बरोबर होता. चालू केल्यावर डिस्क घरघरली आणि काळ्या पडद्यावर ओळ आली: डिस्कवरून सुरू करायचं तर कोणतंही बटण दाबा.

इथं डॉक्टरचा एक नियम आहे. पुसापुशीचं बटण तो दाबत नाही. ज्याचं सामान, त्याचा हात. म्हणून तो हाताची घडी घालून बसला. ओळ गेली, जुनंच विंडोज उघडलं, आणि रिकाम्या दुकानात मागून कुणीतरी म्हणालं, "आलीस? बस जरा."

डॉक्टर थेट रस्त्यावर. बऱ्याच वेळानं त्याला मागच्या फळीवरचा, मशीनला जोडलेला स्पीकर आठवला. काकांनी हौसेनं विंडोज उघडताना वाजणाऱ्या टणत्काराच्या जागी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता.

संध्याकाळी काकू आल्या.

"मशीन ठणठणीत आहे, काकू. ओळ आली की बटण दाबा."

"कोणतंही?"

"कोणतंही."

ओळ आली. काकूंचे हात मांडीवरच राहिले. ओळ गेली.

"आलीस? बस जरा."

"आले," काकू हळूच म्हणाल्या, रोजच्यासारख्या. डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं.

"घरीपण असंच?"

"बोट पुढे जातच नाही रे. पोरीची परीक्षा तोंडावर, मुलगा विचारत राहतो. मी आपली डिस्कच्या नावानं बोटं मोडते."

"आवाज मोबाइलवर काढून देतो की."

दिला. काकूंनी ऐकला आणि मान हलवली. "ह्यात ते कुणाशीही बोलतायत. तिथं मी जाऊन बसल्यावर बोलतात."

डॉक्टरनं पुन्हा पेटीला कान लावला. मग कपाटातून दुसरी हार्ड डिस्क काढून जुनीच्या शेजारी बसवली आणि नवं विंडोज तिच्यावर टाकलं. पुसायचं काहीच नव्हतं, म्हणून बटण त्यानंच दाबलं. आता चालू केल्यावर पडदा जरा थांबतो. बटण दाबून निवडलं तर नवं उघडतं. कुणी काहीच केलं नाही, तर जुनं.

परवा नात दुकानात आली. "डॉक्टरकाका, काल मी बटण दाबायला विसरले. आजोबा बोलले."

"घाबरलीस?"

"नाही. बसले जरा."